जुना डब्बा बदलून देणे ही इंटरनेट कंपनीची जबाबदारी नाही का?

पूर्वभाग_सोलापूर यांचा प्रश्न

नमस्कार. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौकाच्या परिसरात राहतो. खाली यंत्रमाग आणि वर घर अशीच आमच्या गल्लीतल्या बहुतेकांची रचना आहे. टॉवेलचे नवे नमुने परगावच्या व्यापाऱ्यांना आता व्हिडिओ कॉलवर दाखवावे लागतात, जीएसटीचे काम ऑनलाइन असते, आणि संध्याकाळी मुलीचे वर्ग त्याच जोडणीवर चालतात. त्यामुळे घरातले इंटरनेट ही आमच्यासाठी चैनीची बाब राहिलेली नाही.

फायबरची जोडणी घेतली तेव्हा आमचा प्लॅन ४० एमबीपीएसचा होता आणि तेव्हा बसवलेला डब्बाच (फायबर जोडून घरात वाय-फाय देणारे यंत्र) आजही भिंतीवर आहे. मध्यंतरी कंपनीच्या प्रतिनिधीने आपणहून फोन करून २०० एमबीपीएसचा प्लॅन सुचवला आणि आम्ही तो घेतला. बिल वाढले, वेगात मात्र फारसा फरक पडला नाही. तक्रार नोंदवल्यावर आलेल्या तंत्रज्ञाने डब्ब्याकडे पाहूनच सांगितले की हा जुना सिंगल बँडचा (वाय-फायची २.४ गिगाहर्ट्झची एकच पट्टी असलेला) आहे, यावर २०० मिळणार नाही, नवा ड्युअल बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन्ही पट्ट्यांचा) डब्बा घ्या आणि त्याचे पैसे वेगळे भरा. आमच्याच गल्लीत त्याच कंपनीने एका नव्या ग्राहकाला तो डब्बा विनामूल्य बसवून दिला आहे.

डब्बा कंपनीचा आहे, त्याच्यासाठी आम्ही डिपॉझिट भरलेले आहे, आणि वरचा प्लॅन विकतानाही आमच्याकडे कोणता डब्बा आहे याची नोंद कंपनीकडे होतीच. मग तो बदलण्याचा खर्च आमच्यावर का? जाणकारांनी तांत्रिक आणि कायदेशीर अशा दोन्ही बाजूंनी मार्गदर्शन करावे. कंपनीचे नाव मुद्दाम लिहिलेले नाही, कारण हाच अनुभव इतर कंपन्यांच्या ग्राहकांकडूनही ऐकला आहे.

जोडारी_जुळेसोलापूर यांचे उत्तर

मी फायबर जोडणीचे आणि दुरुस्तीचे काम करतो. ‘डब्बा जुना आहे’ या एका वाक्याखाली तीन निरनिराळ्या गोष्टी येतात आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय कोणाची जबाबदारी कुठे सुरू होते हे ठरवता येत नाही.

डब्ब्याचा पहिला भाग फायबरमधून आलेला प्रकाश वाचतो. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी जीपॉन पद्धतीची जोडणी आहे. तिच्यात एका फायबरवर येताना २.४८८ गिगाबिट आणि जाताना १.२४४ गिगाबिट इतकी क्षमता असते आणि ती ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते. जुना जीपॉन डब्बाही याच मापाचा असतो, म्हणून २०० च्या प्लॅनला हा भाग सहसा आड येत नाही. दुसरा भाग म्हणजे मागचे लॅन पोर्ट, म्हणजे संगणकाची वायर लावायच्या खाचा. स्वस्तातल्या जुन्या डब्ब्यांना १०० मेगाबिटचेच पोर्ट असत. तिसरा भाग वाय-फायचा. जुन्या डब्ब्यात तो फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालणारा, २००९ साली आलेल्या ८०२.११एन मानकाचा असतो.

आपल्याला घरच्या घरी करता येईल अशी तपासणी सांगतो. लॅपटॉप वाय-फायवर न ठेवता लॅनच्या वायरने थेट डब्ब्याला जोडा आणि वेग मोजा. आकडा ९३ ते ९५ च्या आसपास येऊन तिथेच थांबत असेल, सकाळी, दुपारी आणि रात्री तोच येत असेल, तर ती १०० मेगाबिटच्या पोर्टची मर्यादा आहे. माहितीबरोबर जाणारा तांत्रिक मजकूर वजा जाता अशा पोर्टमधून साधारण तेवढेच हाती लागते. फायबरवर ताण असता तर आकडा वेळेनुसार वरखाली झाला असता. मात्र तपासण्याआधी वायरीची टोकेही पाहा. पारदर्शक प्लगमध्ये आठही रंगीत तारा दिसल्या पाहिजेत. काही ठिकाणी चारच तारा बसवून वायर तयार केलेली असते आणि अशी वायर चांगल्या पोर्टलाही १०० वरच अडवते. लॅपटॉपचे स्वतःचे पोर्टही गिगाबिटचे, म्हणजे १००० मेगाबिटचे, असायला हवे.

वाय-फायचे गणित आणखी अवघड आहे. डब्ब्यावर ‘३००’ असे छापलेले असते, पण तो हवेतल्या दुव्याचा कमाल वेग असतो आणि तोही दोन अँटेना व दुप्पट रुंदीची पट्टी मिळाली तरच. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच, १, ६ आणि ११. साखर पेठ किंवा जोडभावी पेठेसारख्या भिंतीला भिंत लागून असलेल्या वस्तीत पंधरा-वीस घरांचे वाय-फाय या तीन वाहिन्यांवर दाटीवाटीने चाललेले असते. छापील आकड्याच्या निम्मा वेग मिळाला तरी तिथे चांगले म्हणायचे. ५ गिगाहर्ट्झची पट्टी मोकळी असते आणि २०१३ च्या ८०२.११एसी मानकाचा किंवा त्यानंतरच्या वाय-फाय ६ चा डब्बा तिथे २०० सहज देतो. पण ही पट्टी जाड दगडी भिंत किंवा स्लॅब ओलांडताना लवकर मंदावते, त्यामुळे नवा डब्बा आला म्हणजे मागच्या खोलीतही पूर्ण वेग येईल असे कोणी सांगत असेल तर त्यावर विसंबू नका.

उलट बाजूही सांगितली पाहिजे, कारण डब्बा बदलून न सुटणाऱ्या तक्रारी मी नेहमी पाहतो. डब्ब्याच्या सेटिंगच्या पानावर ‘आरएक्स पॉवर’, म्हणजे डब्ब्यापर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, असा आकडा असतो. तो उणे १५ ते उणे २५ डीबीएमच्या दरम्यान असेल तर प्रकाश ठीक आहे. उणे २७ च्या पुढे गेला तर कोणताही डब्बा लावा, जोडणी तुटतच राहणार. रस्ता खोदताना तुटलेली फायबर घाईने जोडली, पॅच कॉर्ड (डब्ब्याला जोडलेली फायबरची बारीक वायर) दारात चेपली, कनेक्टरवर धूळ बसली, की हा आकडा घसरतो. दुसरा नेहमीचा दोष अडॅप्टरचा. दिवे लागतात, पण डब्बा मधूनच बंद होऊन पुन्हा सुरू होतो. एप्रिल-मे मध्ये सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर असताना पत्र्याच्या छताखाली किंवा इन्व्हर्टरच्या डोक्यावर ठेवलेला डब्बा आणि त्याचा अडॅप्टर दोन्ही लवकर खराब होतात. तेव्हा बदलाची मागणी करण्याआधी लॅनवरचा वेग, प्रकाशाचा आकडा आणि अडॅप्टर या तीन गोष्टी तपासून घ्या.

आपल्या मूळ प्रश्नावर माझे मत स्पष्ट आहे. पोर्ट १०० चे आणि प्लॅन २०० चा असेल, तर कंपनी आपल्याच उपकरणातून जाऊ न शकणारा वेग विकत आहे. तिथे डब्बा विनामूल्यच बदलला पाहिजे, कारण तो बदलेपर्यंत विकलेली सेवा सुरूच झालेली नसते.

केबलचालक_सोलापूर यांचे उत्तर

मी शहरात लहान प्रमाणावर केबल आणि इंटरनेटची सेवा देतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. ग्राहकाला वाटते की सगळे पैसे कंपनीकडे जातात. प्रत्यक्षात बिलातला एक वाटा आमच्याकडे राहतो आणि त्यातून वायरमनचा पगार, खांबांवरची फायबर, तुटलेले जॉइंट आणि पुष्कळदा डब्बेही आम्हालाच पुरवावे लागतात. नव्या ग्राहकाला डब्बा विनामूल्य दिसतो तो सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे पैसे आगाऊ घेतलेले असतात म्हणून. जोडणी सोडताना डब्बा परत न करणारे ग्राहकही कमी नाहीत. वीज येताना दाब वाढून जळालेल्या डब्ब्याचा भारही शेवटी आमच्यावरच येतो.

सर्व जुने डब्बे सरसकट बदला ही मागणी मला मान्य नाही. ३० किंवा ५० चा प्लॅन, घरात दोन मोबाइल आणि एक टीव्ही, अशा घरात जुना डब्बा आपले काम नीट करतो. तो काढून टाकणे म्हणजे चालू वस्तू कचऱ्यात घालणे आहे. काही ग्राहकांचे मोबाइलच इतके जुने असतात की त्यांना ५ गिगाहर्ट्झची पट्टी दिसत नाही, आणि तिथे नवा डब्बा बसवूनही तक्रार कायम राहते.

परंतु १०० च्या वरचा प्लॅन विकताना डब्बा न पाहणे ही विकणाऱ्याचीच चूक आहे, हे मी मान्य करतो. माझ्याकडे वरचा प्लॅन मागणाऱ्याचा डब्बा कोणत्या मॉडेलचा आहे हे आधी पाहिले जाते आणि पोर्ट १०० चे निघाले तर प्लॅन त्याच दिवशी चढवला जात नाही. डब्बा बदलल्यावरच चढवला जातो. मोठ्या कंपन्यांकडे तर प्रत्येक डब्ब्याचे मॉडेल संगणकावर दिसते, त्यामुळे त्यांना हे अधिक सोपे आहे.

संगणक_शिक्षक यांचे उत्तर

वेगाची चर्चा वर सविस्तर झाली आहे. मला सुरक्षिततेचा मुद्दा त्याहून महत्त्वाचा वाटतो आणि केबलचालक यांच्या ‘चालू वस्तू कचऱ्यात’ या म्हणण्याशी मी तेवढ्यापुरता असहमत आहे. दिवे लागतात आणि इंटरनेट चालते, एवढ्यावरून डब्बा चांगल्या अवस्थेत आहे असे ठरत नाही.

डब्ब्यात एक लहान संगणक असतो आणि त्याचे फर्मवेअर, म्हणजे तो चालवणारी आतली आज्ञावली, वेळोवेळी अद्ययावत करावे लागते. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रणालीने कारखान्यातून आलेला पासवर्ड न बदललेले राउटर आणि कॅमेरे जगभर ताब्यात घेतले आणि त्यांच्याकरवी मोठमोठी संकेतस्थळे बंद पाडली. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये डब्ल्यूपीए-२ या वाय-फाय सुरक्षापद्धतीतला क्रॅक नावाचा दोष जाहीर झाला. तो दुरुस्त करणारे अद्यतन ज्या उपकरणांना मिळाले नाही ती तशीच राहिली. डब्ल्यूपीए-३ ही पुढची पद्धत २०१८ मध्ये आली आणि अनेक जुन्या डब्ब्यांत ती चालतच नाही. उत्पादकाने ज्या मॉडेलचे अद्यतन बंद केले आहे ते मॉडेल घराघरांत ठेवणे धोक्याचे आहे, मग प्लॅन ३० चा असो की ३०० चा.

आता हे अद्यतन करायचे कोणी? फायबरचा डब्बा कंपनीच्या यंत्रणेत त्याच्या अनुक्रमांकाने नोंदलेला असतो, म्हणून नवी पेठेतून दुसरा ओएनटी (फायबरच्या डब्ब्याचे तांत्रिक नाव) विकत आणून फायबर लावली तर तो चालत नाही. सेटिंगचा मुख्य पासवर्ड कंपनीकडे असतो, आणि टीआर-०६९ नावाच्या पद्धतीने कंपनी डब्बा दुरून हाताळते. वीजमीटर आपल्या भिंतीवर असला तरी तो उघडण्याचा अधिकार आपल्याला नसतो आणि म्हणूनच तो सदोष निघाला तर बदलण्याचे काम वीज कंपनीचे असते. ओएनटीची स्थिती तंतोतंत तीच आहे. उपकरणावर ज्याचे नियंत्रण आहे त्यानेच ते योग्य अवस्थेत ठेवले पाहिजे, आणि प्रश्नकर्त्यांच्या बाजूने मला सर्वांत भक्कम वाटणारा आधार हाच आहे.

एखाद्या कंपनीला हे ओझे नको असेल तर तिने नियंत्रणही सोडावे. जर्मनीत १ ऑगस्ट २०१६ पासून ग्राहकाला आपल्या पसंतीचा राउटर किंवा मोडेम लावण्याचा हक्क कायद्याने मिळाला आणि त्यासाठी लागणारी माहिती देणे कंपन्यांना बंधनकारक झाले. अमेरिकेत डिसेंबर २०२० पासून, ग्राहकाने स्वतःचे उपकरण लावले असेल तर त्याच्याकडून उपकरणाचे भाडे घेता येत नाही. आपल्याकडे निदान इतके करता येते की कंपनीचा डब्बा ब्रिज मोडमध्ये (जोडणी फक्त पुढे पाठवण्यापुरता) ठेवून त्यामागे स्वतःचा चांगला राउटर लावायचा. मग वाय-फाय आणि त्याचा पासवर्ड आपल्या हातात राहतो. मात्र ब्रिज मोडलाही १०० मेगाबिटच्या पोर्टची अट सुटत नाही, कारण राउटरकडे जाणारी वायर त्याच पोर्टमधून निघते. डब्ब्यावर लँडलाइन फोन असेल तर बदल करण्याआधी तो चालू राहील ना, हेही विचारून घ्यावे.

पूर्वभाग_सोलापूर

सर्वांचे आभार. सांगितल्याप्रमाणे तपासणी केली. आठ तारांची वायर लावून पुतण्याच्या लॅपटॉपवर वेग मोजला. सकाळीही आकडा ९४ आणि रात्रीही ९४. प्रकाशाचा आकडा उणे २१ आहे. वरच्या मजल्यावर वाय-फायवर मात्र संध्याकाळी ३० च्या खालीच राहतो. डब्ब्याच्या मागच्या चिकटपट्टीवरचे मॉडेल शोधले तर चारही पोर्ट १०० मेगाबिटचे असल्याचे उत्पादकाच्या माहितीपत्रकातच लिहिलेले आहे.

हे सर्व कंपनीच्या ग्राहक सेवेला फोनवर सांगितले. उत्तर मिळाले की ‘प्लॅनमध्ये कमाल वेग लिहिलेला असतो, ९० च्या वर वेग येत आहे म्हणजे सेवा चांगली आहे.’ यापुढे कसे जावे?

ग्राहक_पंचायतीचा_कार्यकर्ता यांचे उत्तर

‘कमाल २०० पर्यंत’ या शब्दांचा आडोसा इथे चालणार नाही. कमाल म्हणजे परिस्थिती अनुकूल असताना गाठता येणारा वेग. आपल्या डब्ब्यातून तो कोणत्याही परिस्थितीत गाठता येत नाही, मध्यरात्री सगळे शहर झोपलेले असतानाही नाही. ब्रॉडबँडच्या व्याख्येचा आधारही कंपनीला घेता येणार नाही. जानेवारी २०२३ पासून आपल्याकडे किमान २ एमबीपीएसला ब्रॉडबँड म्हणतात. ती कोणत्या सेवेला ब्रॉडबँड म्हणावे याची खालची मर्यादा झाली, पैसे घेऊन विकलेल्या प्लॅनचे मोजमाप तिने होत नाही.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सेवेच्या व्याख्येत दूरसंचार हा शब्द स्पष्ट आहे, आणि सेवेच्या दर्जात, स्वरूपात किंवा ती देण्याच्या रीतीत असलेली उणीव म्हणजे सेवेतील त्रुटी असे त्यात म्हटले आहे. दूरसंचाराच्या तक्रारी ग्राहक आयोगाकडे नेता येत नाहीत असा युक्तिवाद पूर्वी केला जात असे. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो अमान्य केला. म्हणजे सोलापूरच्या जिल्हा आयोगात आपण जाऊ शकता, कंपनीचे मुख्य कार्यालय कुठेही असले तरी, कारण तक्रारदार जिथे राहतो तिथे तक्रार दाखल करण्याची तरतूद या कायद्यात आहे. ५ लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत मात्र लक्षात ठेवा आणि प्लॅन बदलल्याची तारीख बिलावरून आत्ताच टिपून ठेवा.

परंतु आयोग ही शेवटची पायरी आहे आणि बहुधा तिथपर्यंत जावे लागणार नाही. फोनवर बोलणे थांबवा. तक्रार लेखी करा आणि तिचा डॉकेट (नोंदणी) क्रमांक घ्या. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या २०१२ च्या तक्रार निवारण विनियमांनुसार तक्रार केंद्राच्या उत्तराने समाधान झाले नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येते आणि त्यासाठी पैसे लागत नाहीत. समांतरपणे १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तीच तक्रार नोंदवा. पुष्कळ कंपन्या तिथून विचारणा आल्यावर हालचाल करतात.

मजकूर थोडका आणि आकड्यांचा असावा. साधारण असा लिहा: ‘अमुक तारखेपासून मी २०० एमबीपीएसच्या प्लॅनचे पैसे भरत आहे. आपण बसवलेल्या अमुक मॉडेलच्या ओएनटीचे सर्व लॅन पोर्ट १०० मेगाबिटचे असून वाय-फाय केवळ २.४ गिगाहर्ट्झचे आहे. लॅनवर मोजलेला वेग ९४ एमबीपीएस असून प्रकाशाची पातळी उणे २१ डीबीएम, म्हणजे योग्य आहे. सोबत छायाचित्रे जोडली आहेत. सदर उपकरण आपल्या मालकीचे व आपल्याच नियंत्रणाखाली असल्याने ते विनामूल्य बदलून द्यावे आणि प्लॅन चढवल्यापासून दोन प्लॅनमधील फरकाची रक्कम पुढील बिलांत वळती करावी.’ फरकाची रक्कम मागायला संकोच करू नका. नव्या ग्राहकाला मिळालेल्या मोफत डब्ब्याचा उल्लेख मी यात करणार नाही, कारण त्यावर ‘ती वेगळी योजना होती’ एवढे सांगून कंपनी मोकळी होते आणि आपला मुख्य मुद्दा बाजूला पडतो.

केबलचालक_सोलापूर

मजकूर योग्य आहे. असा अर्ज माझ्याकडे आला तर मला नाही म्हणायला जागा राहणार नाही. फक्त डब्बा बदलताना काही गोष्टी सांभाळा. नवा डब्बा लावण्याआधी त्याच्या मागची चिकटपट्टी वाचा आणि किमान एक पोर्ट गिगाबिटचे आहे याची खात्री करा, कारण वाय-फाय ड्युअल बँडचे पण पोर्ट १०० चेच, असेही डब्बे बाजारात आहेत. तंत्रज्ञ घरात असतानाच लॅनवर वेग मोजून घ्या आणि मगच त्याच्या मोबाइलवर तक्रार मिटल्याचा ओटीपी द्या. जुना डब्बा परत करण्यापूर्वी मागचे बारीक बटण टोकदार काडीने काही सेकंद दाबून त्यातला वाय-फायचा पासवर्ड पुसून टाका. डब्बा आणि अडॅप्टर दोन्ही परत दिल्याची पावती घ्या आणि तिच्यावर जुन्या डब्ब्याचा अनुक्रमांक लिहून घ्या. तो नसेल तर जोडणी सोडताना डिपॉझिटवरून वाद होतो.